शिवेची नागली

मला सारखं वाटतं पोर मागं राहिली. अजून वाटतं. ती इथं माझ्यापुढं अंगणात कोंबडीमागं धावते, पडते, रडते, तरी मी हातातलं काम टाकून उठते आणि तिच्या डोक्याला हात लावून बघते. सासू म्हणते, "पोर खेळतेय गं, तिला कशाला चाचपतेस?"  चाचपून झालं की परत कामाला बसते.

हे कशानं लागलं ते लिहायचंय. मी शाळेत दुसऱ्या बुकापर्यंतच गेले, तेही माझा बा जव्हारला दरबारच्या बागेत पाणी घालायचा आणि शाळा बागेला लागून होती म्हणून. लिहिताना चुकलं तर चुकलं.

माझं माहेर जामसर, सासर साखरशेत. नवरा एका गोऱ्या साहेबाची बैलगाडी हाकायचा. साहेब लाकडाच्या कामासाठी जव्हारला बंगल्यात राहायचा, आणि मी त्याच्या मडमेची बेबी सांभाळायचे. बेबी तीन वर्षांची, माझी पोर पाच महिन्यांची. एकीला कडेवर घ्यायचं, दुसरीला पाठीला बांधायचं, असं चाललं होतं. त्या वर्षी भात झोडून झालं, नागली घरात आली, आणि मडम म्हणाली की आम्ही आगबोटीनं फिरायला चाललोय, तू चल, बेबी तुझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही.

तिनं मला चित्र दाखवलं. एक मोठी जमीन, वर रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली, मुळ्यासारखी. मुळ्याच्या शेपटावर तिनं बोट ठेवलं. तिथं जायचं. त्याच्याखाली सगळं निळं होतं.

घरी येऊन सांगितलं तर सासू म्हणाली, "तिथं कोण मेलंय का?"

"नाय."

"लगीन हाय कुणाचं?"

"नाय. नुसतं बघायला चाललेत."

"काय बघायला?"

"जमीन संपते ती."

सासूनं नवऱ्याकडं बघितलं. "ह्या गोऱ्यांना घरात करमत नाय का रं? जमीन संपते ती बघायला जातात. आनि हिला कशाला नेतात? हिला काय दिसनार हाय, हिला तर रातांधळं!"

मला रातांधळं नाही, ती तशीच बोलते. नवरा मान खाली घालून म्हणाला, "साहेब म्हनतोय तर नाय कसं म्हनायचं?" आणि ते खरंच होतं. नाही म्हणायची आमच्यात कुणाला सवयच नव्हती.

आई जामसरहून चालत आली. निघायच्या दिवशी सकाळी बंगल्यावर पोचली, आणि तोवर गाडी जुंपलेली, मडम बसलेली. आईनं माझ्या हातात फडक्याची थैली कोंबली. दोन शेर नवी नागली. धापा टाकत म्हणाली, "शीव आली की चिमूटभर टाक. पोरीला हाक मार. विसरशील तर बघ!" बैल निघाले. आई गाडीमागं थोडी धावली, मग थांबली.

आमच्याकडं हे असंच करतात. अंगावर पिणाऱ्या पोराचा जीव अजून पक्का बसलेला नसतो. गावाची शीव आली की तो थांबतो, मागं वळून बघतो. तेव्हा आईनं शिवेवर धान्य टाकायचं आणि नाव घेऊन हाक मारायची, ये गं, चल गं, मी इथं हाय. म्हणजे जीव येतो. हाक मारली नाही तर तो तिथंच दगडापाशी बसून राहतो आणि आईच्या पाठीवर नुसतं पोराचं अंग जातं. मग ते अंग पीत नाही, रडत नाही, सुकत जातं. असं झालेलं मी बघितलंय. माझ्या मामीचं पोर तसंच गेलं. मामी बाजाराच्या गर्दीत हाक मारायची विसरली होती.

जव्हारच्या शिवेवर, शीव राखणाऱ्या वाघोबाच्या दगडापाशी मी गाडीतून उतरले, नागली टाकली, हाक मारली. पुढं गावागावाला तेच केलं. मडम म्हणाली, "आया, क्या करता है?" मी म्हटलं, "पूजा." 

पण डहाणूच्या ठेसनावर आगगाडीत बसलो आणि सगळं चुकायला लागलं. गाडी इतकी पळायची की शीव कुठली आणि शेत कुठलं काही कळेना. मी खिडकीतून चिमटी टाकत होते आणि हाका मारत होते, टाकत होते आणि हाका मारत होते, आणि थोड्या वेळानं बघते तर थैली हलकी झालेली.  अजून मुंबई यायची होती, मग समुद्र, मग ती मुळ्यासारखी जमीन, आणि जितक्या शिवा जाताना तितक्याच येताना. मी थैलीला गाठ मारली आणि ठरवलं, ह्यातला एक दाणा वाया घालवायचा नाही.

आणि मग गोदीत चूक झाली.

एवढी माणसं मी कधी बघितली नव्हती. बोट एखाद्या डोंगरासारखी उभी, वर धूर, आणि एक शिडी वर गेलेली, तिच्या फळ्यांमधून खाली काळं पाणी दिसायचं. बेबी घाबरून माझ्या गळ्याला लटकली, तिचे दोन्ही हात माझ्या मानेभोवती. पोर पाठीला. एका हातात मडमेची टोपीची पेटी. मागून लोक ढकलत होते, साहेब वरून ओरडत होता, "जलदी! जलदी!" मला थैलीपर्यंत हात नेता येईना. मी खाली पाणी बघितलं आणि डोळे मिटले, आणि डोळे उघडले तेव्हा मी वर होते. मग कुणीतरी ढकलत आत नेलं, भोंगा वाजला, सगळं हललं.

मी हाक मारली नव्हती.

धावत कठड्याशी आले तर जमीन आणि बोट यांच्यात पाणी आलेलं. इतकंसंच, एखादा ओढा असतो तेवढं. मी नागली टाकली, ओरडून हाक मारली, परत मारली. शेजारचे लोक हसले. त्यांना वाटलं मी कुणाचा तरी निरोप घेतेय. पाणी रुंद होत गेलं.

पाठीवर पोर झोपलेली होती.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. म्हणजे मलाच झालं. बोट डोलायची आणि माझ्या पोटातलं सगळं बाहेर. मला मडमेच्या खोलीबाहेर दारापाशी जागा दिलेली. साहेब लोकांच्या जेवणातलं उरलेलं यायचं, रस्सा, मांसाचे तुकडे. कशाचं मांस ते कळेना आणि विचारायची भीती. पाव खायचे, तोही पोटात राहत नव्हता. चहा प्यायचे. थैली कमरेला होती. भूक लागली की मी थैलीवर हात ठेवायचे आणि बघायचे की आहे ना.

चौथ्या दिवशी पोर छातीला लागली आणि सोडून रडली. परत लागली, परत सोडलं. मी दाबून बघितलं, एक थेंब आला, मग काहीच नाही. माझ्या मनात लगेच आलं, हे दुधाचं नाही, हे जिवाचं आहे. जीव गोदीत त्या शिडीपाशी बसलाय. अंगच पीत नाही.

मडम चांगली होती, खोटं कशाला बोलू. तिनं डब्यातलं दूध पाण्यात कालवून दिलं. पोरीनं ओकून टाकलं, चार थेंब पोटात राहिले तर राहिले. बोटीवरच्या डाक्तरानं बघितलं, काहीतरी बोलला, मडमेनं मला सांगितलं, "दूध पिलाव, ठीक होगा." कुठून पिलाव?

त्यात एक झालं. खालच्या डेकवर कुणा बाईचं लहान मूल तापानं गेलं. भर दुपार होती. मी बेबीला फिरवत होते आणि वरून दिसलं. त्याला जाड कापडात शिवलं, पायाशी लोखंड बांधलं, फळी तिरकी केली. आवाजसुद्धा फार झाला नाही. ती आई कठड्याला धरून उभी होती आणि बोट थांबली नाही. बोट थांबलीच नाही. ती पाण्यात कुठल्या जागेकडं बघणार? आमच्यात लहान पोराला घरामागं पुरतात, वर दगड ठेवतात, आई येताजाता तिथं पाणी शिंपडते. इथं माती नाही, दगड नाही, आणि जागा मागं मागं जातेय.

त्या दिवसापासून मी पोरीला खाली ठेवलंच नाही.

बोट एका बंदराला लागली, काळी माणसं, नारळीची झाडं, लवंगांचा वास सगळीकडं. मी कठड्याशी गेले, चिमूट टाकली, हाका मारल्या. मुंबईच्या गोदीला ऐकू जाईल म्हणून जोरात मारल्या. दुसऱ्या बंदराला तेच. पोर आता रडतही नव्हती. नुसती बघायची, आणि बघणंही माझ्याकडं नव्हतं.

दुसऱ्या बंदरातून निघताना मागून कुणीतरी म्हणालं, "समुद्रात काय टाकतेस गो?"

आपली भाषा! मी दचकून वळले. पांढऱ्या दाढीचा म्हातारा, डोक्याला फडकं, हातात राखेची बादली. खलाशांचा स्वैपाक करायचा तो, भंडारी म्हणतात त्याला बोटीवर. रत्नागिरीकडचा मुसलमान.

"नागली," मी म्हटलं.

त्यानं माझ्या तळहातावर बघितलं. "ही तर नाचणी. अगो, अन्न हे! समुद्राला काय भूक लागलीय?"

मी सगळं सांगून टाकलं. शीव, गोदी, शिडी, हाक, जीव. पहिल्यांदाच कुणाला सांगत होते, श्वास पुरेना. तो हसला नाही. बादली खाली ठेवली आणि फडक्यातून पोरीचं तोंड उघडलं.

"तू काय खातेस?"

"पाव. चा."

"आणि ही पिशवी?"

"ही शिवेची."

"शिवेची म्हणजे?"

"शिवेवर टाकायची. खायची नाय."

"कमरेला नाचणी बांधून उपाशी मरतेस? माझ्या बायकोनं नऊ पोरं काढली गो, नऊच्या नऊ नाचणीच्या पेजेवर. वर पाटा आहे, चूल आहे. वाट, शिजव आणि पी. दूध येईल."

"आनि शेवटच्या शिवेला काय टाकू? जमीन संपते तिथं? परत येताना काय टाकू?"

"ते मला काय ठाऊक? पाण्यावर मी चाळीस वर्षं काढली, मला कुठं शीव भेटली नाही."

तो मला धीर द्यायला म्हणाला, पण मला उलटंच झालं. शीव नाही म्हणजे राखणारा कुणी नाही. मी थैली छातीशी धरली आणि तिथून पळाले.

दाराशी बसून राहिले. नागली शिजवली तर हाक मारायला हातात काही नाही, मग जीव कधीच यायचा नाही. ठेवली तर अंग जाईल, मग जीव येऊन बसेल कुठं? असंच डोक्यात फिरत होतं. बेबी माझ्या पदराशी खेळत होती. ती म्हणाली, "आया, देखो," आणि पोरीच्या डोक्यावर बोट ठेवलं.

टाळू आत गेली होती. तिचं इवलंसं बोट त्यात बसलं.

मी बेबीला मडमेच्या हातात दिलं आणि वर भंडाऱ्याकडं गेले.

म्हाताऱ्यानं पाटा धुऊन पुढं सरकवला. मी म्हटलं, "चाचा, भांडं माझंच वापरते. सासूला कळलं तर मला घरात घ्यायची नाय."

"बरं बरं. आगपण तुझीच घेऊन आलीस का?"

मला तेव्हा हसू आलं नाही, आता येतं.

मसाल्याच्या पाट्यावर वाटलेली नागली. मिरचीचा वास होता तिला. लोट्यात शिजवली, मीठ त्यानं दिलं, आणि मी गरम गरमच प्याले, जीभ भाजली. प्रत्येक घोटाला वाटत होतं, ही एक शीव गिळली, ही दुसरी गिळली. ओकारी येईल म्हणून तोंडावर हात दाबून बसले. आली नाही. सकाळी प्याले, दुपारी प्याले, संध्याकाळी प्याले. दुसऱ्या दिवशी तेच. पोरीला मी बोट बुडवून पेजेचं पाणी चोखवत होते, आणि छातीला लावत होते, आणि ती लागत होती आणि सोडत होती.

तिसऱ्या दिवशी थैली रिकामी झाली. फडकं उलटं करून झटकलं, शिवणीतले दाणेसुद्धा काढले आणि वाटले. शेवटची पेज पाण्यासारखी पातळ होती. ती पिऊन मी पोरीला घेतलं आणि ती लागली, आणि सोडेना. मला वाटलं सोडेल आता. नाही सोडलं. घशातून गट् असा आवाज आला. मग परत गट्. मी हललेसुद्धा नाही, माझा पाय मुंग्यांनी मेला होता तरी हलले नाही.

पण मला आनंद झाला असं कुणी समजू नका. पीत होती ती, पण माझ्याकडं बघत नव्हती. अंग पितंय, मी म्हणत होते. नुसतं अंग.

तोवर वारा बदलला. तिकडं आता उन्हाळा आहे म्हणायचे सगळे, पण वारा असा गार की दात वाजायचे. लाटा मोठ्या झाल्या, टेकड्यांसारख्या, बोट चढायची आणि उतरायची. मोठमोठे पांढरे पक्षी आले, त्यांचे पंख हलतच नव्हते, तरी बोटीबरोबर चालायचे. ते आमच्याकडं एका डोळ्यानं बघायचे. मी पोरीचं तोंड झाकायचे.

मग एका सकाळी मडम धावत आली, केस उडालेले, "आया! देखो! जमीन खतम!"

सगळे साहेब लोक कठड्याशी जमलेले, दुर्बिणी घेऊन, कोणी टोप्या हलवत होतं, वाजंत्री वाजत होती. दूर एक काळा डोंगर, त्याचा पाय पाण्यात उतरत गेलेला, फेस उडत होता. त्याच्यापुढं काही नव्हतं. इकडं पाणी, तिकडं पाणी, आणि दोन पाण्यांमध्ये ती शेवटची टाच.

माझ्या मनात आलं, ही शीव. म्हातारा म्हणाला पाण्यावर शीव नाही, पण ही आहे. ह्याहून मोठी शीव कुठली? ही ओलांडली तर मागचं सगळं बंद होईल. आणि माझी थैली रिकामी. वाजंत्री चाललेली, बोट चाललेली, ती थांबत नाही हे मला माहीत होतं. डोंगर हळूहळू मागं सरकायला लागला.

मी लोकांकडं पाठ केली, चोळीत हात घातला आणि तळहातावर दूध पिळलं. चार-पाच थेंब. नागलीचंच होतं ते, दुसऱ्या कशाचं असणार? डोंगराकडं हात झटकला. वाऱ्यानं ते माझ्याच तोंडावर उडवलं. परत पिळलं, परत झटकलं. आणि हाक मारली. मारली म्हणजे किंचाळलेच, वाजंत्रीवाला थांबून बघायला लागला. ये गं, चल गं, मी इथं हाय!

पोर दचकली. तोंड वाकडं करून रडली, आणि रडता रडता माझ्याकडं बघायला लागली. माझ्याकडंच. डोळ्यांत.

साहेब म्हणाला, "आया डर गया." मडमेनं मला शाल दिली.

पुढचं फार नाही. जमिनीवर उतरलो, साहेबाच्या भावाकडं काही आठवडे राहिलो, मग दुसऱ्या बोटीनं परत. पहिल्या बोटीतून उतरताना भंडाऱ्यानं मला तांदळाचं गाठोडं दिलं आणि म्हणाला, "हे खायचं गो. टाकायचं नाही." मी खाल्लं. पण परतीच्या प्रत्येक बंदराला कठड्याशी जाऊन पाठ करून तेच केलं, तळहातावर थेंब आणि हाक. मुंबईच्या गोदीत त्या शिडीवर तर मी मध्येच उभी राहिले, साहेब ओरडला, मागचे ओरडले, मी हलले नाही. शिडीवर चार वेळा हाक मारली. चुकून जीव तिथंच राहिला असेल तर म्हणून.

डहाणूला नवरा गाडी घेऊन आला होता, आणि जव्हारच्या शिवेवर आई होती. नवऱ्यानं तिला निरोप दिला असणार. ती सकाळपासून वाघोबाच्या दगडापाशी बसलेली, हातात नागलीची चिमूट घेऊन. तिनं पोरीला घेतलं, उलटीपालटी करून बघितलं.

"शिवेशिवेला नागली टाकलीस ना?"

मला खोटं बोलता येईना. तिथंच दगडापुढं बसले आणि सांगितलं, "आये, मी नागली खाल्ली. सगळी. शिवेची होती ती."

मला वाटलं आता आई पोरीला दगडापुढं ठेवेल, जीव परत आणायला भगताला बोलवेल, काय करेल.

"कवा खाल्लीस?"

"पोर मरायला लागली तेव्हा."

"तेव्हा? आनि तवर काय खात होतीस?"

"पाव."

तिनं पोरीला माझ्या मांडीवर आदळलं आणि माझ्या डोक्यात टपली मारली. "येडे! शिवेला चिमूट लागते. दोन शेर नागली मी शिवेला दिली होती का? खायला दिली होती! ओली बाळंतीन तू, तिथं तुला कोन नागली देनार म्हनून जामसरवरनं उरावर घेऊन आले मी! हे काय सांगायचं असतं?"

नवरा हसला. बैलसुद्धा हसले असतील. आईनं चिमूट दगडावर टाकली, नातीला हाक मारली, आणि सगळे गाडीत चढले.

मला उठता येईना. पोर सोळा दिवस माझ्या पाठीवर सुकत होती आणि तिचं दूध माझ्या कमरेला बांधलेलं होतं. गाठ मीच मारली होती. त्या म्हाताऱ्यानं राख टाकायला दुसरा कठडा धरला असता तर? बेबीनं बोट ठेवलं नसतं तर?

आई गाडीतून ओरडली, "चल गं! ये गं! का तुलापन हाक मारू?"

मी उठले. पोरीच्या टाळूवर हात ठेवला. आज ती टाळू भरली आहे, हाड धरलंय. तरी हात ठेवते.